जीझस अँड मेरी चेन: ऐकायला सुरुवात कुठून करावी?

स्कॉटलंडमधल्या ईस्ट किलब्राइडच्या जिम आणि विल्यम रीड या भावांचा हा बँड. १९८५ चा ‘सायकोकँडी’ हा अल्बम आधी लावू नका. पहिलं गाणं संथ आहे, पण दुसऱ्यापासून गिटारचा फीडबॅक (अँप्लिफायरमधून घुमणारा कर्कश आवाज) असा अंगावर येतो की बरेच जण तिथेच थांबतात. आधी १९८७ चा ‘डार्कलँड्स’ ऐका: गोंगाट कमी, ड्रम मशीनचा ठोका, चाली स्वच्छ. मग ‘सायकोकँडी’. बास वाढवू नका. आवाज गढूळ होतो आणि फझखालची, म्हणजे गिटारच्या खरखरीखालची, गोड चाल हरवते. यातला ड्रमर बॉबी गिलेस्पी उभ्याने, जेमतेम दोन ड्रमवर ठेका धरतो, त्याकडे जरूर कान द्या. पुढे १९९२ चा ‘हनीज डेड’. २००७ मध्ये बँड पुन्हा जमला. त्यानंतरचा ‘डॅमेज अँड जॉय’ (२०१७) सगळ्यात शेवटी.