खड्डे मारायचं मशीन घेताय? आधी रान बघा, सीसी नंतर

डाळिंबाची नाहीतर आंब्याची लागण ठरली, कुंपणाचे पोल बांधावर येऊन पडले की पहिला प्रश्न हाच येतो, खड्ड्याचं मशीन कुठलं घेऊ, ५२ सीसीचं का ६३ सीसीचं. दुकानदारही सीसीवरच बोलतो आणि मोबाईलवरच्या जाहिरातीही सीसीवरच. माझं म्हणणं असं की इंजिन सगळ्यात शेवटी ठरवायचं. आपलं रान कसलंय, खड्डा कशासाठी नि किती रुंद पाहिजे, आणि एकूण खड्डे किती, एवढं पक्कं झालं की मशीन आपोआप ठरतंय, आणि हे न बघता घेतलेलं मशीन दुसऱ्या वर्षी गोठ्यात धूळ खात पडतंय.

आपला सांगली जिल्हाच बघा ना. वाळवा, पलूस, मिरज भागात कृष्णाकाठची खोल काळी जमीन, तासगाव-कवठेमहांकाळकडं मध्यम रान नि खाली मुरूम, आणि आटपाडी-जतला बऱ्याच ठिकाणी वीतभर माती, की लगेच मुरूम आणि त्याच्याखाली कातळ. साताऱ्यात माण-खटावला पण तीच तऱ्हा. एकाच जिल्ह्यात एवढा फरक असताना पलूसच्या पाहुण्याचं मशीन झकास चालतंय म्हणून जतला तेच घेऊन कसं चालेल. काळ्या रानात अडचण चिकटण्याची असते, मुरमात दात झिजण्याची, आणि गोट्यांच्या रानात हिसक्याची. तिन्हीचा इलाज वेगळा.

म्हणून दुकानात जायच्या आधी पहार घेऊन रानात जा. जिथं खड्डे घ्यायचेत तिथं चार-पाच जागी, रानाच्या दोन्ही टोकांना पण, पहार दोन फूट खाली जाते का बघा. सरसर गेली तर कुठलंही बरं मशीन चालतं. कच-कच आवाज करत, थोडं थोडं खरवडत गेली तर मुरूम आहे, मशीन चालेल पण बिट, म्हणजे खाली फिरून माती कापणारा पात्यांचा दांडा, चांगलं लागेल. आणि पहार टणकन वाजून वर उडाली नि दोन-तीन जागी तेच झालं तर खाली कातळ आहे, तिथं हातातल्या कुठल्याच ऑगरचा, म्हणजे ह्या खड्डे मारायच्या मशीनचा, उपयोग नाही, किती पण सीसी घ्या. तिथं ब्रेकर लावा नाहीतर जेसीबी सांगा, पैसे तिकडं घाला.

आता खड्डा किती रुंद. हे नीट समजून घ्या कारण सगळा लोड इथंच येतो. ६ इंची बिटापेक्षा १२ इंची बिट दुप्पट रुंद, पण माती चौपट काढायची असते. हिशोब सांगतो, ६ इंची दोन फूट खोल खड्ड्यातनं साधारण ११ लिटर माती निघते, म्हणजे १५-१७ किलो, आणि १२ इंचीच्या तेवढ्याच खोल खड्ड्यातनं ४४ लिटर, म्हणजे ६५-७० किलो. ती सगळी माती ते एवढंसं इंजिन आणि तुमचे दोन हात वर काढणार आहेत. म्हणून मशीनबरोबर १२ इंची बिट फुकट मिळतंय म्हणून हुरळून जाऊ नका, ६३ सीसीला भुसभुशीत रानात ते ओढेल, पण मुरमात ८ इंचीच्या वर गेलं की इंजिन पण रडतंय नि गडी पण.

द्राक्षबागेत वाय पद्धतीचे लोखंडी अँगल काँक्रीटमध्ये बसवायचे असतील तर ६ नाहीतर ८ इंची बिट बास होतं, कडेच्या खांबांवर तारेचा सगळा ताण येतो म्हणून ते तेवढे जास्त खोल घ्या. ४ इंची सिमेंट पोलला ८ ते १० इंची लागतं, म्हणजे बाजूनं काँक्रीट नाहीतर खडी धुमस करून बसवायला जागा राहते. डाळिंबाचं मात्र वेगळंय. डाळिंबाला पद्धतशीर खड्डा म्हणजे दोन बाय दोन बाय दोन फूट, तो १२ इंची बिटानं एका दणक्यात होत नाही. लोक चार भोकं शेजारी शेजारी मारून मधली माती फावड्यानं ओढतात, जमतं ते, पण पाच-सहा एकर लागण असेल तर हातातलं मशीन विसरा आणि ट्रॅक्टरचं बघा.

लागणीच्या खड्ड्याची आणखी एक गोष्ट आहे, जी मशीन विकणारा कोणी सांगत नाही. काळी माती ओली असताना ऑगरनं खड्डा मारला की बिट फिरून फिरून खड्ड्याच्या भिंती दाबून गुळगुळीत करतं, वाळल्या की त्या कडक होतात. मग रोपाची मुळं भिंतीला आपटून आतल्या आत गोल फिरतात आणि पावसाचं पाणी पण खड्ड्यात तुंबून राहतं. म्हणून काळ्या रानात नेमका वापसा आल्यावरच, म्हणजे माती ना चिकट ओली ना कोरडी असताना, खड्डे घ्या, आणि रोप लावायच्या आधी पहारीनं भिंती चारी बाजूंनी ओरबाडून घ्या. खड्ड्यामागं एक मिनिट लागतं, पण झाड पुढची कितीतरी वर्षं उभं राहणारंय त्यात.

इंजिनाकडं येऊ. बाजारात जास्त दिसतात ती ५२, ६३, ६८ सीसीची टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी), साधारण १०-१५ हजाराच्या घरात. स्टिकरवर एचपी काय वाट्टेल ते छापलेलं असतंय, त्यापेक्षा माहितीपत्रकात किलोवॅटचा आकडा शोधा, १ एचपी म्हणजे ७४६ वॅट, भागाकार करून बघितला की खरं काय ते कळतं. ५२ सीसीचं साधं टू-स्ट्रोक दीड ते दोन किलोवॅटच्या आसपास असतंय. आणि नुसतं इंजिन बघून भागत नाही, खाली गिअरबॉक्स कसला आहे ते विचारा, कारण इंजिन मिनिटाला सहा-सात हजार फेरे घेतं आणि गिअरबॉक्स ते दोनशेच्या आसपास आणतो. जेवढे फेरे कमी तेवढा पीळ, म्हणजे फिरवायची ताकद, जास्त, मुरमात पीळच लागतो, वेग नाही. गिअरबॉक्सचं घर ॲल्युमिनियमचं असलं तरी आतले गिअर पोलादी आहेत का आणि ग्रीस भरायला बोल्ट दिलाय का बघा. बोल्टच नसेल तर ग्रीस कसं भरणार.

महाग मशीनचं काय म्हणाल तर स्टिलचं बीटी १३१ फक्त ३६.३ सीसीचं आहे, पण १.४ किलोवॅट देतं आणि वजन १० किलोच्या आसपास, त्यावरनंच समजा की सीसी म्हणजे सगळं नव्हे. होंडाचं जीएक्स ३५ इंजिन लावलेली मशीनं येतात, ती फोर-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नाही, आवाज नि धूर पण कमी. वर्षानुवर्षं भाड्यानं खड्डे मारून द्यायचा धंदा करायचा असेल तर असल्यात पैसे घाला. स्वतःच्या दोन एकराला साधं बास, फक्त पार्ट मिळणारं घ्या.

बिट! ह्यावर लोक पाच मिनिटं पण घालवत नाहीत आणि खरं काम तेच करतंय. दुकानात बिट हातात घ्या, आडवं धरून एका डोळ्यानं पाईपच्या रेषेत बघा सरळ आहे का, पातं नि पाईप जिथं जोडलंय तिथलं वेल्डिंग सगळीकडनं सलग आहे का नुसते टाके मारलेत ते बोट फिरवून बघा. मग टोक बघा. खालचं मधलं टोक आणि बाजूचे दात बोल्टनं बसवलेले, म्हणजे बदलता येणारे असावेत, वेल्ड केलेले असतील तर झिजल्यावर आख्खं बिट भंगारात जातं. मुरमासाठी कार्बाइडचे दात मागा, साध्या लोखंडाचे दात आटपाडीच्या मुरमात बघता बघता गोल होतात आणि गोल झालेला दात माती कापत नाही, नुसता घासतो, त्यानंच इंजिन तापतं, क्लच जळतो, आणि शिव्या मात्र मशीनला बसतात. खालचं पातं दुहेरी असलं तर मशीन हातात कमी हेलकावतं. बिटाच्या दांड्याचं भोक आणि पिनेची जागा मोजून घ्या, बऱ्याच मशीनचा शाफ्ट २० एमएमचा असतो, त्यामुळं पुढं दुसरीकडनं बिट घेतलं तरी बसतं, वेगळं माप असलं की आयुष्यभर त्याच कंपनीच्या दारात.

ऑनलाइन घेणाऱ्यांनी हे जरूर वाचा. तिथं ऑगर म्हणून शोधलं की कधीकधी बर्फाचं बिट दाखवतात. थंड मुलखात गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरतात, त्यासाठी ८-१० इंची बिट असतं, वरचं इंजिन जवळपास असलंच पण खाली धारदार सपाट ब्लेड, मधलं टोक बारीक. बर्फ कापायला ती धार झकास आहे, पण आपल्या मुरमाला लावली तर पहिल्याच खड्ड्यात ब्लेड बोथट होऊन बसेल. फोटोत खाली दात आहेत का ब्लेड आहे ते मोठं करून बघा, मातीचं बिट आहे असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच पैसे भरा.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी थोडक्यात. पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर, चालणारा डिगर मागच्या तीन पॉइंटच्या जोडणीला बसतो, ९ पासून २४ इंचीपर्यंत बिट मिळतात, मोठ्या बिटाला ३५ एचपीच्या वरचाच ट्रॅक्टर पाहिजे. बागेतल्या छोट्या ट्रॅक्टरला बसणारे पण येतात, पण त्याला बारीक बिट लावा. ह्यात एक शिअर बोल्ट असतो, दगड लागला की तो तुटतो नि गिअरबॉक्स वाचतो. बोल्ट सारखा तुटतोय म्हणून कडक बोल्ट घालू नका, मग बोल्टाऐवजी गिअरबॉक्स तुटेल. अनुदानात बसवायचं असेल तर महाडीबीटी ह्या सरकारी पोर्टलवर आधी अर्ज करा, यादीत काय बसतंय ते सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीचे कृषी सहायक) विचारा, आणि पूर्वसंमती हातात आल्याशिवाय खरेदी करू नका, आधीचं बिल चालत नाही.

विकत घ्यायचं का भाड्यानं, हे खड्डे मोजून ठरवा. एक एकर चौकोनी रानाला साडेआठशे फुटाच्या आत कुंपण लागतं, ८ फुटावर पोल धरला तर शंभर-एकशेदहा खड्डे. डाळिंब साडेचार बाय तीन मीटरवर लावलं तर एकरी तीनशे झाडं. एवढ्याच कामासाठी मशीन घेऊन नंतर पडून राहणार असेल तर मशीनवाल्याला खड्ड्यावर दर ठरवून बोलवा. दरवर्षी थोडी थोडी लागण, बांधावर झाडं, भावकीत पैऱ्यानं, म्हणजे आळीपाळीनं एकमेकांना मदत करून, कामं चालत असतील तर घ्या, पण पैऱ्यावर देताना तेलाचं मिश्रण स्वतः करून द्या.

कारण टू-स्ट्रोक मरतंय ते मिश्रणानंच. पुस्तिकेत २५:१ लिहिलं असेल तर १ लिटर पेट्रोलला ४० मिली टू-टी ऑइल, ४०:१ असेल तर २५ मिली, ५०:१ असेल तर २० मिली. मापाची बाटली वापरा, अंदाजानं झाकणं ओतू नका, ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, जास्त झालं तर प्लग काळा पडतो. आणि आता पंपावर इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतंय, ते पाणी ओढून घेतं, म्हणून महिनाभर कॅनमध्ये ठेवलेलं मिश्रण मशीनमध्ये घालू नका.

घ्यायच्या आधी दुकानदाराला विचारायचं ते हे, रिकॉइल (दोरी ओढून चालू करायचा भाग), क्लच शू, कार्बोरेटर, दात, हे पार्ट आत्ता दुकानात आहेत का, दाखवा. मागवून देतो म्हणाला तर दुसरं दुकान बघा, सांगली-मिरजेत दुकानांना काय तोटा नाही, आणि पावसाच्या तोंडावर आठ दिवस पार्टची वाट बघत बसणं परवडत नाही. तिथंच मशीन चालू करून घ्या, रेस सोडल्यावर बिट फिरायचं थांबलं पाहिजे. थांबत नसेल तर आयडल (रेस न देता इंजिनाचा वेग) जास्त आहे नाहीतर क्लचची गडबड, तसलं घरी आणू नका.

चालवताना सैल सदरा, गळ्यात टॉवेल अजिबात नको, फिरत्या बिटात गुंतला तर माणूस ओढला जातो. बूट पाहिजेत, कानात बोळे पाहिजेत. दगडात बिट अडकलं की बिट थांबतं आणि मशीन फिरतं, हँडल मांडीवर नाहीतर बरगडीत बसतं, म्हणून पाय फाकवून उभं राहायचं, हात पक्के, आणि बोट रेसवरनं पटकन सुटलं पाहिजे. १० इंचीच्या पुढं दोन माणसांनी धरायचं मशीनच बरं. वरनं दाबू नका, वजनानं जाऊ द्या, दर अर्ध्या फुटाला वर उचलून माती झाडा. काळ्या रानात हे केलं नाही तर बिट स्क्रूसारखं आत घुसून बसतं आणि मग दोघांनी ओढलं तरी निघत नाही. तसं झालं तर इंजिन बंद करा, प्लगची वायर काढा, नि पाना लावून बिट उलटं फिरवत वर घ्या. मुरूम फारच कडक असेल तर आदल्या संध्याकाळी वीतभर खड्डा करून त्यात पाणी ओतून ठेवा, सकाळी बराच नरमतो.

मारलेले खड्डे रात्री उघडे ठेवू नका, शेळ्या-वासरांचे पाय मोडतात, पोरं पण फिरत असतात, फळी नाहीतर काट्याची फांदी टाका. हंगाम संपला की टाकीतलं पेट्रोल काढा, कार्बोरेटरमधलं संपून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, एअर फिल्टर धुवून वाळवा, गिअरबॉक्सला ग्रीस भरा आणि बिटाला जुनं ऑइल चोपडून टांगून ठेवा.