रस्त्याचं काम चालू असताना गाडी चालवताय? या चुका टाळा

निपाणी-संकेश्वरचा महामार्ग असो, खानापूरवरून गोव्याला जाणारा रस्ता असो की जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट, डांबर पडायला लागलं की चुका त्याच त्याच होतात. आणि गाडीतल्या माणसाच्या आधी त्या भोगाव्या लागतात हातात फावडं घेतलेल्याला.

लाल झेंडा चुकवून घुसणं

ही चूक सगळ्यात घातक. एकेरी वाहतुकीत दोन टोकांना दोन झेंडेवाले असतात. अलीकडचा फोनवर सांगतो, "शेवटची पांढरी बोलेरो." ती पोचली की पलीकडचा आपली बाजू सोडतो. आता बोलेरोच्या मागून एक मोटारसायकल झेंड्याच्या बाजूने निसटली, तर पलीकडच्याच्या हिशेबात ती नसतेच. समोरून दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर सुटतो. तो ना पटकन थांबतो, ना मागे घेता येतो. मोटारसायकलवाला मग कामाची जागा वेगळी करणाऱ्या शंकूंच्या आत शिरतो. तिथे रोलर पुढे-मागे फिरत असतो आणि चालकाला ड्रमच्या अगदी लगतचं दिसत नाही. कडा नीट करणारा कामगार वाहतुकीकडे पाठ करून वाकलेला असतो. पेव्हरच्या, म्हणजे डांबर पसरणाऱ्या यंत्राच्या घरघरीत त्याला हॉर्न ऐकू येत नाही आणि पुढ्यात दीडशे अंशांच्या आसपास तापलेला माल पसरलेला असतो. त्याने उडी मारायची तरी कुठे?

रस्ता मोकळा दिसला तरी झेंड्यापाशी थांबाच. गाडी न्यूट्रल करा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. घाटात पुढच्या ट्रकपासून निदान एका कारएवढं अंतर ठेवा, चढावर सुटताना तो मागे सरकतो. रांगेच्या उजवीकडून पुढे जाऊन दुसरी रांग लावणाऱ्यांमुळे समोरच्यांना बाहेर पडायला वाटच उरत नाही आणि दहा मिनिटांचा खोळंबा तासावर जातो. एवढी घाई असेल तर घरातून अर्धा तास लवकर निघावं.

शंकू दिसल्यावर ब्रेक दाबणं

ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात ३३ मीटर संपले. मग कोरड्या रस्त्यावर थांबायला आणखी ३५ ते ४० मीटर. वेग ४० असेल तर सगळं मिळून पंचवीस-सत्तावीस मीटरमध्ये भागतं. खानापूर भागातल्या पावसात दोन्ही आकडे वाढवून धरा. म्हणून फावडेवाल्या माणसाचं त्रिकोणी चिन्ह दिसताच वेग उतरवा, तिसऱ्या गिअरवर या आणि आरशात मागचा बघा. मागचा अंगावर येत असेल तर हॅझर्ड लावा, तो थांबला की बंद करा. शंकूंची तिरकी रांग लेन बदलण्यासाठी असते, ती संपेपर्यंत पळवून ऐनवेळी घुसण्यासाठी नाही.

त्या रांगेनंतरची थोडी जागा रिकामी दिसते. "इथे तर काम नाही" म्हणत शंकू बाजूला करून तिथे गाडी लावू नका. एखादी गाडी सुटून आत आली, तर माणसांपर्यंत पोचण्याआधी थांबावी म्हणूनच ती जागा मोकळी ठेवलेली असते.

बाकीच्या

ताज्या थराची कडा चार-पाच सेंटीमीटर उंच असते. दुचाकी तिला समांतर चालवत वर चढवू नका, चाक घसरतं.

खरवडलेल्या रस्त्यावर हँडल डगमगतं. घाबरून पुढचा ब्रेक दाबू नका, वेग आपोआप उतरू द्या.

नव्या डांबरावर पसरलेल्या बारीक खडीवरून जोरात गेलात, तर तुमच्या चाकाखालून उडालेला खडा कामगाराच्या तोंडावर बसतो.

रात्री अप्पर लाईट मारली की झेंडेवाला आंधळा होतो. डिपर ठेवा.

ऊस हंगामात बंद पडलेल्या ट्रॉलीमागे लावलेले दगड ट्रॉली निघाल्यावर रस्त्यातच राहतात. ज्याने लावले त्यानेच ते उचलले पाहिजेत. रात्री दगड दिसत नाहीत, तिथे रिफ्लेक्टरचा त्रिकोणच हवा.

आणि कुणाच्या अंगावर गरम डांबर उडालं तर ते ओढून काढू नका, कातडी सोबत येते. डिझेलही चोळू नका. निदान वीस मिनिटं साधं गार पाणी ओतत राहा आणि ११२ ला फोन करा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ सुद्धा चालतो.