जुन्या दिव्याला चॉक पेंट लावण्याआधी काय काय तयारी करायची

पुण्यातल्या जुन्या अपार्टमेंटमध्ये हॉलच्या मधोमध तीन हातांचा, सोनेरी, दुधी काचांची फुलं असलेला दिवा हमखास असतो, आणि घर रंगवून झालं की तोच एकदम जुनाट दिसायला लागतो. काढून भंगारात देऊ नका, चॉक पेंट (खडूसारखा, बिनचमकीचा दिसणारा रंग) आणि त्यावर चोळायच्या वॅक्सने, म्हणजे मेणाने, तो फार छान होतो, फक्त ब्रश हातात घ्यायच्या आधीची कामं नीट करा कारण रंग टिकतो तो त्यांच्यावर.

पहिलं म्हणजे लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता सोनेरी मुलामा. नाही चिकटला तर आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा ठिकाणी जरासं खरवडा, आतही पिवळंच निघालं तर ते अस्सल पितळ आहे आणि मग माझं ऐका, रंगवू नकाच, चिंच नाहीतर पितांबरीने घासा, तसं पितळ आता सहज मिळत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी दिवा शोधायला जाणार असाल तरी चुंबक खिशात असू द्या.

मग दिवस ठरवा. गणपतीच्या आधी सगळं घर चकचकीत व्हावं असं वाटतं, मला कळतं ते, पण भाद्रपदातल्या दमट हवेत रंग लवकर वाळत नाही आणि लोखंड घासून उघडं पडलं की त्यावर गंज धरतो, त्यामुळे पाऊस पूर्ण उघडल्यावर दसरा-दिवाळीच्या मधले कोरडे दिवस धरा.

दिवा काढताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. जुन्या घरांत कधीकधी बटण फेजऐवजी (करंट आणणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) जोडलेलं असतं, म्हणजे दिवा बंद पण वायरमध्ये करंट चालूच! मेन बंद करा, टेस्टर आधी एखाद्या चालू सॉकेटवर तपासून घ्या आणि मग दिव्याच्या वायरींना लावा. जोडणीचा फोटो काढून ठेवा. शंका असेल तर वायरमनला बोलवा, यात पैसे वाचवू नका. खाली उतरवल्यावर वायर वाकवून बघायची, कडक झाली असेल किंवा तडे दिसले तर वायर आणि होल्डर दोन्ही नवीन घ्या, तपकीर गल्लीत मिळतात, आणि हे रंगाच्या आधी, कारण नंतर वायर ओवताना नवा रंग खरवडला जातो.

आता साफसफाई, आणि इथे घाई अजिबात नको. काचा, बल्ब, होल्डर सगळं सुटं करा. स्वयंपाकघर जवळ असेल तर वर्षानुवर्षांच्या फोडणीचा चिकटा बसलेला असतो, त्यावर कुठलाच रंग धरत नाही. भांड्याचं लिक्विड, कोमट पाणी, जुना टूथब्रश, मग पुसून पूर्ण कोरडं. त्यानंतर २२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक मोडेपर्यंत हलकं घासा. दिव्यावर आधीचा जुना रंग असेल तर कोरडं घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं (आपल्याकडे घरगुती रंगात ते ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला), म्हणून वॉटर पेपर ओला करून, मास्क लावून, लहान मुलं लांब ठेवून.

चॉक पेंट ब्रिटनमधल्या अ‍ॅनी स्लोन यांनी १९९० मध्ये आणला तो फर्निचर रंगवायला, आणि प्रायमर लागत नाही ही त्याची मोठी सोय, पण लोखंड उघडं पडलं असेल तर मी तरी गंजरोधक मेटल प्रायमरचा एक हात देतेच, कारण हा रंग पाण्यातला आहे. प्रायमर, पॉलिश पेपर, मास्किंग टेप बोहरी आळीत एका फेरीत होतं. टेप होल्डर बसतो त्या जागेला, आट्यांना आणि अर्थिंगच्या स्क्रूला आठवणीने लावा, तिथे धातूला धातू टेकायलाच हवा, मध्ये रंग आला की अर्थिंग कामातून गेलं.

वॅक्ससाठी जुन्या सुती धोतराचे तुकडे बेस्ट, धागे सुटत नाहीत. क्लिअर (बिनरंगी) वॅक्स आधी, मग नक्षीच्या खाचांत थोडं डार्क (गडद) वॅक्स, आणि तेही रंग लावल्यावर एक दिवस थांबून. वॅक्सच्या डब्यात बहुधा टर्पेंटाइनसारखं काहीतरी असतं तेव्हा खिडक्या उघड्या, देवघरातला दिवा आणि गॅस लांब, वापरलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, पसरून वाळवायच्या. मेण उष्णतेने मऊ होतं, मधमाशांचं तर साधारण ६२-६४ अंशांनाच वितळतं, म्हणून साधे गरम होणारे बल्ब बाद, एलईडी आणून ठेवा, आणि होल्डरच्या आजूबाजूला वॅक्स लावूच नका.

रंगवताना आणि वाळवताना दिवा टांगायला बाल्कनीतली कपड्यांची दांडी चालते, पण रस्त्याच्या बाजूची नको, ओल्या रंगावर धूळ बसते. वॅक्स पुरतं कडक व्हायला काही आठवडे जातात, तोवर दिवा वर लावला तरी चालेल, फक्त घरात सगळ्यांना सांगून ठेवा की ओल्या फडक्याने पुसायचा नाही.