प्रोसेस बंद होणार म्हणे? आधी रोस्टर बघा

कॉल सेंटरमध्ये क्लायंट चालला, म्हणजे त्याचं काम (प्रोसेस) बंद होणार, अशी कुजबुज फ्लोअरवर सुरू झाली की लगेच राजीनामा टाइप करायला बसू नका. आधी खुणा बघा. नवीन ट्रेनिंग बॅच थांबली का? पुढचं रोस्टर, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, नेहमीसारखं लागलंय का? माणसं दुसऱ्या प्रोसेसवर हलवतायत का? यातलं काहीच नसेल, तर बहुतेक ती नुसतीच हवा. असेल, तर टीएलला (टीम लीडरला) एकट्यात गाठून विचारा. ग्रुपवर अजिबात नाही, तिथले स्क्रीनशॉट फिरतात.

बढतीचं म्हणाल, तर मी नवीन पोरांना कळकळीनं सांगते: आपले कॉल स्वतः ऐका. ग्राहकाचं बोलणं मध्येच कुठे तोडलं, होल्डवर टाकण्याआधी विचारलं का, "एक मिनिट हं" म्हणून किती वेळ गप्प बसलो, सगळं कानाला लागतं. एएचटी (एका कॉलला लागणारा सरासरी वेळ) कमी दिसावा म्हणून कॉल गुंडाळू नका. तोच ग्राहक वैतागून पुन्हा फोन करतो आणि पहिल्याच कॉलला काम मिटण्याचं प्रमाण घसरतं. क्वालिटीची, म्हणजे कॉल तपासणाऱ्या टीममधली, जागा निघाली की आपले महिनावार स्कोअर जोडूनच अर्ज करा. वॉर्निंग लेटर चालू असेल तर बऱ्याच ठिकाणी अर्ज धरत नाहीत, ते एचआरला आधीच विचारून घ्या.