हिरडीच्या ऑपरेशनला जाताना: पीआरएफसाठीची तयारी

प्लेटलेट हा शब्द आपल्याकडे डेंग्यूमुळे घरोघर पोचला. त्यामुळे हिरडीच्या ऑपरेशनला डॉक्टर ‘पीआरएफ लावू’ (प्लेटलेट-रिच फायब्रिन, म्हणजे प्लेटलेटनी भरलेला रक्ताचाच मऊ गोळा) म्हणाले की पहिला प्रश्न येतो, रक्तपेढीत जायचं का? आईच्या वेळी मीही तेच विचारलं. जायचं नाही. पीआरएफ पेशंटच्याच रक्तातून, ऑपरेशनच्या वेळी तिथेच तयार करतात. फ्रान्समध्ये २००१ साली निघालेली ही पद्धत आता सोलापुरातही मिळते.

सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), शुगर आणि मधुमेह असेल तर एचबीएवनसीचे (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) रिपोर्ट आधी काढून ठेवा. नुकताच डेंग्यू झाला असेल तर तेही सांगा. चालू गोळ्यांची नावं पाठ नसतात, म्हणून पाकिटंच पिशवीत टाका. अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती आपल्या मनाने बंद करू नका. हृदयाच्या आणि दातांच्या डॉक्टरांना एकमेकांशी बोलू द्या.

उपाशी मात्र जाऊ नका. आई पहाटेच्या एसटीने मोहोळहून निघाली, ऑपरेशन म्हणून पाण्याचा घोटही घेतला नव्हता. शीर सापडेना, दोनदा टोचावं लागलं. इथे वेळ फार महत्त्वाचा असतो. पीआरएफसाठी रक्त ज्या नळीत घेतात तिच्यात रक्त गोठू नये म्हणून काही घातलेलं नसतं, त्यामुळे रक्त घेतल्यावर एक-दोन मिनिटांत नळी सेंट्रीफ्यूजमध्ये, म्हणजे गरगर फिरवून रक्ताचे थर वेगळे करणाऱ्या यंत्रात, फिरायला लागावी लागते. थेंब-थेंब रक्त आलं तर ते आधीच गोठतं. भूल फक्त तोंडापुरती असेल तर नाश्ता करा, भरपूर पाणी प्या आणि सैल बाह्यांचे कपडे घाला.

दहा-बारा मिनिटांनी नळी बाहेर आली. खाली लाल, वर पाण्यासारखं आणि मधे पिवळसर, थरथरणारा गोळा. डॉक्टरांनी तो चिमट्याने उचलला, लाल भाग कापला, दाबून पातळ पडदा केला आणि हिरडीखाली ठेवून टाके घातले. त्यातल्या प्लेटलेट जखम भरायला लागणारे घटक काही दिवस हळूहळू सोडत राहतात. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, “माझंच रक्त मला कामी आलं गं.”

म्हणूनच मिश्री आणि तंबाखूचं आधीपासून बघा. आमच्याकडे बायका ‘हिरड्या घट्ट होतात’ म्हणून मिश्री लावतात आणि त्याच हिरड्या झिजतात. डबी घरात असली की हात जातोच; आईची डबी मी शेजारच्या काकूंकडे ठेवली. तंबाखूने जखमेचं भरणं मंदावतं, मग पीआरएफ काय करणार?

घरी मऊ भात, ताक, गार केलेलं वरण असू द्या. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि हुरडा टाके निघेपर्यंत नको, कण टाक्यांत अडकतो. स्ट्रॉने काही पिऊ नका. बर्फाची पिशवी, लिहून दिलेल्या गोळ्या आणि क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश आधीच आणून ठेवा. ऑपरेशनच्या जागी ब्रश लावायचा नसतो. आणि तारीख ठरवताना नळाला पाणी येण्याचा दिवस बघा. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, आणि ते आलं की आई घागर उचलल्याशिवाय राहत नाही. जोर लावला की रक्त परत सुरू होतं. त्या दिवशी पाणी भरायला दुसरं कोणीतरी घरात पाहिजे.