डाओमध्ये माहिती कितपत पोचते हे मोजताय? या चुका टाळा

डाओ म्हणजे टोकनधारकांच्या, म्हणजे मताचा हक्क देणारी डिजिटल नाणी बाळगणाऱ्यांच्या, मतांवर चालणारी, वरून हुकूम सोडणारा साहेब नसलेली संस्था. तिथे माहिती कुठवर पोचते आणि निर्णयात उतरते का, हे मोजायला निघालेले नवशिके पहिल्याच दिवशी मतदानाची टक्केवारी काढतात आणि तिथेच थांबतात. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

कंपाऊंड या कर्जाच्या क्रिप्टो-सेवेच्या डाओतला प्रस्ताव २८९ पाहा. 'गोल्डन बॉइज' नावाच्या गटाने तिजोरीतले ४,९९,००० कॉम्प (कंपाऊंडचे टोकन), म्हणजे तेव्हाचे सुमारे २.४ कोटी डॉलर, स्वतःच्या योजनेत वळवायला मागितले. २८ जुलै २०२४ ला, रविवारी, तो ६,८२,१९१ विरुद्ध ६,३३,६३६ मतांनी मंजूर झाला. कोरमला, म्हणजे किमान मतांच्या अटीला, बाजूची ४ लाख मते पुरतात. इथे एकूण मते १३ लाखांवर गेली. तक्त्यात याला 'उत्तम सहभाग' म्हणून हिरवा रंग मिळेल. पण हा त्या गटाचा तिसरा प्रयत्न होता, आणि धोक्याचा इशारा सुरक्षा सल्लागारांनी मे महिन्यातच फोरमवर दिला होता. माहिती उघड्यावर पडून होती, तरी पुरेशी मते तिच्यामागे उभी राहिली नाहीत. पुढे वाटाघाटी होऊन प्रस्ताव रद्द झाला, पण तुमच्या टक्केवारीत यातले काहीच दिसत नाही.

म्हणून प्रत्येक प्रस्तावातल्या पाच घटनांच्या तारखा-वेळा टिपा: फोरमवरचा पहिला उल्लेख, पहिला नेमका आक्षेप, साखळीवर (ब्लॉकचेनवर) दाखल, मतदान समाप्ती, अंमलबजावणी. मग बघा, आक्षेपानंतर मसुद्यात काय बदलले. 'मत फिरवलेले लोक' शोधत बसू नका. गव्हर्नर ब्राव्हो या मतदानाच्या करारात, म्हणजे साखळीवर आपोआप चालणाऱ्या कोडात, दिलेले मत बदलता येतच नाही. फोरमवरचा आक्षेप मतदान चालू असताना आला असेल, तर त्याआधीची आणि नंतरची मते वेगळी मोजा.

दुसरी चूक म्हणजे नियमाचा उशीर माहितीच्या खात्यावर टाकणे. सप्टेंबर २०२१ मध्ये कंपाऊंडचा प्रस्ताव ६२ लागू झाला आणि कॉम्प-वाटपाच्या कोडातल्या चुकीमुळे काही जणांना भरमसाट टोकन मिळू लागले. काही तासांत सगळ्यांना कळले. दुरुस्तीला मात्र पूर्ण प्रक्रिया लागणार होती: २ दिवस थांबा, ३ दिवस मतदान, २ दिवस टाइमलॉक (मंजुरीनंतर अंमलाआधीची सक्तीची वाट). दरम्यान ३ ऑक्टोबरला कोणीतरी राखीव साठ्यातून कॉम्प सोडणारे ड्रिप फंक्शन चालवले आणि आणखी २ लाखांवर कॉम्प त्याच सदोष करारात गेले. इथे कळायला लागलेला वेळ आणि करायला लागलेला वेळ एकाच सरासरीत घातला, तर संस्था 'मंद' ठरते. ती मंद नव्हती. तिचे हात नियमाने बांधलेले होते. दोन स्तंभ ठेवा, कायम.

यातले थांब्याचे आणि मतदानाचे दिवस ब्लॉकवरून, म्हणजे साखळीत एकामागून एक जोडल्या जाणाऱ्या नोंदींच्या गठ्ठ्यांवरून, आले आहेत. १९,७१० ब्लॉक म्हणजे ३ दिवस हे जुने गणित. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम साखळीत झालेल्या 'मर्ज' या बदलानंतर ब्लॉक १२ सेकंदांचा झाला, म्हणजे तेवढेच ब्लॉक ६५ तास ४२ मिनिटांत संपतात. ब्लॉकचा टाइमस्टॅम्प घ्या, गुणाकार करू नका.

पत्ता, म्हणजे साखळीवरचे खाते, हा माणूस नव्हे. एकाच पाकिटातून पैसे आलेले, एकाच वेळी मत देणारे पत्ते आधी एकत्र करा.

टक्केवारी काढताना छेद कोणता घेतला ते लिहा. एकूण कॉम्प १ कोटी आहेत, पण डेलिगेट न केलेल्या, म्हणजे मताचा अधिकार कोणाच्या नावे न केलेल्या, टोकनला मतच नसते, अगदी स्वतःला डेलिगेट करणेही राहून गेले असेल तरी.

फोरमवरच्या प्रतिक्रिया मोजू नका, वाचा. 'पाठिंबा आहे' हा शेरा शंभरदा आला तरी त्यात माहिती शून्य.

स्नॅपशॉट या साखळीबाहेरच्या मतदान-मंचावरचा कौल आणि साखळीवरचे मतदान एका तक्त्यात कालवू नका. पहिल्यात गॅस, म्हणजे साखळीवरच्या व्यवहाराचे शुल्क, लागत नाही, त्यामुळे मत देणारेही वेगळे असतात.

डॅशबोर्डचे तयार आकडे उचलण्याची घाई मला मुळीच पटत नाही. वीस प्रस्ताव स्वतः वाचा, आणि त्यांत पडलेले व मागे घेतलेले प्रस्तावही घ्या. आक्षेप खरोखर ऐकला गेल्याचा पुरावा बहुतेकदा तिथेच सापडतो, आणि मंजूर प्रस्तावांच्या यादीत तो फारसा येत नाही.