चारधामला निघालेल्या आई-बाबांसाठी घडीची सॅक घेताना

अक्षय्य तृतीयेला यमुनोत्री-गंगोत्रीची कपाटं उघडतात, भाऊबीजेला केदारनाथची बंद होतात. या मधल्या महिन्यांत आपल्या घरातलं नाहीतर शेजारचं कुणीतरी चारधामला निघतंच. निघणाऱ्याला काही द्यायचं मनात असेल, तर घडी होऊन मोठ्या बॅगेच्या कोपऱ्यात बसणारी हलकी सॅक द्या, असं मी आवर्जून सांगेन. बद्रीनाथ आणि गंगोत्रीला गाडी देवळाच्या जवळपास जाते. जानकीचट्टीहून यमुनोत्री मात्र पाच-सहा किलोमीटर चढून गाठायची असते आणि गौरीकुंडापासून केदारनाथ सुमारे १६ किलोमीटर. पूर्वी जाऊन आलेले चौदा सांगतात. पण २०१३ च्या पुरात रामबाड्याची जुनी वाट वाहून गेली, आताची वाट मंदाकिनीच्या दुसऱ्या काठाने जाते आणि ती जास्त चढीची आहे. मोठी बॅग तेव्हा खाली मुक्कामी राहते. वर लागणारं सगळं पाठीवर न्यायचं असतं.

खरेदीला जाण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. यात्रा कंपनी सॅक देणार आहे का? बऱ्याच देतात. ती धड असेल तर तुमची नको. दुसरं, मानेचं किंवा पाठीचं दुखणं आहे का? असेल तर या सॅकच्या वाटेला जाऊ नका. तिच्या पाठीला गादी नसते आणि सगळा भार खांद्यांवर येतो. त्यांना कमरेचा चांगला पाऊच द्या आणि बाकीचं सामान बरोबरच्या तरुण माणसाकडे सोपवा.

मग घरीच बसून सॅकमध्ये काय काय जाणार ते मांडून बघा. एक लिटरची पाण्याची बाटली, रेनकोट, स्वेटर, शाल, कानटोपी, हातमोजे, पायमोज्यांचा जास्तीचा जोड, औषधं, थोडा खाऊ, पॉवर बँक, ओळखपत्र आणि यात्रेच्या नोंदणीचा कागद. एवढ्याचं वजन साडेतीन-चार किलोपर्यंत सहज जातं. चढताना ऊन लागलं की स्वेटर उतरतो, ढग आले की रेनकोट अंगावर चढतो, आणि उतरलेलं प्रत्येक वेळी सॅकमध्येच जायचं असतं. म्हणून १८ ते २२ लिटरची घ्या. १० लिटरची शहरात फिरायला छान आहे, इथे पुरणार नाही. पंचविसाच्या वरची घेतली की जागा आहे म्हणून माणूस भरत सुटतो.

दुकानात विक्रेता घडी दाखवेल, मुठीत मावते म्हणून. त्या घडीवर भुलू नका. चार किलो भरल्यावर ती खांद्यावर कशी बसते, ते बघा. एक-एक लिटरच्या भरलेल्या चार बाटल्या आत ठेवा आणि दहा मिनिटं दुकानात फिरा. पट्टे नाडीसारखे अरुंद असले तर तेवढ्यातच काचायला लागतात. चार बोटं रुंद, जाळीचे पट्टे हवेत. छातीवरचा आडवा पट्टा नसेल तर ती सॅक मी तरी घेणार नाही. साडीवरून, शालीवरून, रेनकोटवरून खांद्याचे बंद सारखे घसरतात, आणि कुणी घोडा केला तर प्रत्येक धक्क्याला सॅक डुलते. हा पट्टा वर-खाली सरकवता यायला हवा, कारण बाईमाणसाला तो जरा वर लावावा लागतो.

कापड बहुतेक बारीक चौकटीच्या विणीचं नायलॉन असतं, म्हणजे फाटलं तरी चीर पुढे पळत नाही. त्यावर डेनिअरचा आकडा असतो: ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. वीस-तीस डेनिअरची सॅक पिसासारखी हलकी असते, पण दगडावर टेकवली, घोड्याच्या खोगिराला घासली तर झिजते. वडीलधाऱ्यांसाठी सत्तरच्या पुढचं कापड घ्या, वजन थोडं वाढलं तरी चालेल. सॅक उलटी करून शिवण बघा. पट्टे जिथे जोडले आहेत तिथे दाट, आडवीतिडवी शिलाई हवी आणि आतल्या कडांना पट्टी लावलेली हवी. सुटे धागे लोंबत असतील तर ठेवून द्या.

वॉटरप्रूफ हा शब्द लेबलवर असला तरी पाणी शिवणीतून आणि चेनमधून आत येतंच. डोंगरात दुपारचा पाऊस कधीही गाठतो. म्हणून सॅकबरोबर एक जाड, तोंड गुंडाळून बंद होणारी पिशवी द्या. कोरडे कपडे आणि औषधं तिच्यात राहतील.

चेन ओढून बघताना हातमोजे घालून बघा. थंडीत आखडलेल्या बोटांना ती इवलीशी जीभ सापडत नाही. दोन्ही जिभांना जाड दोऱ्याचे फास घरीच बांधून द्या. घडीची पिशवी सॅकला आतून शिवलेली असावी, सुटी असली तर पहिल्याच मुक्कामाला हरवते. आणि ती जरा ऐसपैस हवी: आईला स्वतःला, कुणाच्या मदतीशिवाय, सॅक परत तिच्यात कोंबता आली पाहिजे. रंग नारिंगी किंवा पिवळा घ्या. धुक्यात आणि रांगेच्या गर्दीत तो लांबून दिसतो.

देताना निघायच्या आदल्या रात्री देऊ नका. दोन-तीन आठवडे आधी द्या, म्हणजे रोजच्या फिरायला ती पाठीवर घेऊन सराव होईल. भरायचं कसं तेही दाखवा: शाल पाठीच्या बाजूला उभी, म्हणजे बाटली-डबा टोचत नाही, रेनकोट सगळ्यात वर. डेहराडूनपर्यंत विमानाने जाणार असतील तर सॅक घडी करून चेक-इनच्या बॅगेत टाका, पण पॉवर बँक मात्र जवळच्या हातबॅगेतच ठेवायला सांगा, चेक-इनमध्ये ती चालत नाही. आतल्या कप्प्यात एक चिठ्ठी ठेवा: नाव, घरचा मोबाईल नंबर, रक्तगट, रोजच्या गोळ्या.

परत आल्यावर सॅक सावलीत पूर्ण वाळवा आणि उघडीच टांगून ठेवा. कोकणातल्या, मुंबईतल्या दमट हवेत घडी करून कपाटात राहिली तर कापडाचा आतला, पाणी अडवणारा लेप चिकट होतो, सोलतो, वास येतो. इस्त्री आणि वॉशिंग मशीन दोन्ही टाळा. बिल तुमच्याजवळ ठेवा, सरावाच्या त्या दोन आठवड्यांत पट्टा काचला तर दुकान बदलून देईल का, हे घेतानाच विचारलेलं बरं.